सायकलसाठी जीपीएस यंत्र घेताय? आधी तीन कामं वेगळी करा



आपल्या कुंभार पिंपळगावात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून शाळेला येणाऱ्या मुलांच्या सायकली पाहिल्या, तर बहुतेकांच्या हँडलवर अजून घंटीशिवाय काही नसतं. पण आता गियरच्या सायकली आल्या आहेत. सकाळी उठून दहा-वीस किलोमीटर मारून येणारे शिक्षकही आहेत. आणि खरेदीच्या ॲपवर ‘जीपीएस सायकल कॉम्प्युटर’ या नावाने काडेपेटीएवढी, तळहाताएवढी यंत्रं दिसायला लागली आहेत. किंमत तीन-चार हजारांपासून सुरू होते आणि पन्नास हजारांच्याही पुढे जाते. मग प्रश्न येतो, कोणतं घ्यायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात मुळात दोन वेगळ्या गोष्टी असतात. हौशी सायकलवाल्याला वाट दाखवणारं काहीतरी हवं असतं. पालकाला मात्र आपली मुलगी शाळेत पोहोचली का, परत निघाली का, हे घरबसल्या कळायला हवं असतं. दोघंही त्याला ‘जीपीएस’च म्हणतात. दोघांनी एकच यंत्र घेतलं, तर एकाचे पैसे नक्की वाया जाणार. म्हणून यंत्रांची नावं बघण्याआधी कामं वेगळी करून घेऊ.

पहिलं काम : मी कुठे आहे हे ओळखणं. दुसरं : ती जागा नकाशावर दाखवून पुढची वाट सांगणं. तिसरं : मी कुठे आहे हे दुसऱ्या कोणाला तरी कळवणं. जीपीएस फक्त पहिलं काम करतं. दुसऱ्याला नकाशा लागतो. तिसऱ्याला सिमकार्ड आणि मोबाईलची रेंज लागते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की दुकानदाराने काहीही सांगितलं तरी आपण फसत नाही.

उपग्रह नेमकं काय सांगतो?

जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था. साधारण २०,२०० किमी उंचीवरून तिचे तीसेक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात, प्रत्येकाच्या दिवसाला दोन फेऱ्या. उपग्रहाला तुम्ही दिसत नाही, तुम्ही आहात हेही त्याला माहीत नसतं. तो आपला आकाशातून सतत दवंडी पिटत असतो : मी अमुक क्रमांकाचा, मी आत्ता इथे आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. बस्स.

बाकी सगळं गणित तुमच्या हातातलं यंत्र करतं. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किमी या वेगाने येतात. त्यामुळे उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर संदेश यायला एका सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं. आपण वर्गात वेग, वेळ, अंतर शिकवतो ना, तेच सूत्र! फरक एवढाच की इथे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात. आपल्या यंत्रात तसलं महागडं घड्याळ नसतं. त्यामुळे जागा ठरवायला तीन उपग्रह आणि आपल्या घड्याळाची चूक दुरुस्त करायला चौथा, असे किमान चार उपग्रह लागतात.

शिक्षकांनी हे मैदानावर करून दाखवण्यासारखं आहे. दोन खांबांना वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या बांधा आणि मुलांना त्या ताणून जिथे जुळतील तिथे उभं राहायला सांगा. अशा दोन जागा सापडतात. तिसऱ्या खांबाची दोरी आणली की एकच उरते. सातवी-आठवीच्या मुलांना हे एकदा दाखवलं की विसरत नाहीत.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. एक, जागा ओळखायला इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, फक्त मोकळं आकाश लागतं. खात्री करायची असेल तर फोनमध्ये आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून घ्या, मग फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा आणि गावातून एक चक्कर मारा. निळा ठिपका तुमच्याबरोबर सरकत राहतो. दोन, या सगळ्यात संदेश वरून खाली येतो, खालून वर काहीच जात नाही. म्हणजे निव्वळ जीपीएस यंत्र घरी कोणाला काही कळवूच शकत नाही.

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा संदेश मुद्दाम थोडा बिघडवून देत असे. ते बंद झालं आणि मग घरोघरी जीपीएस आलं. आज साधा स्मार्टफोनसुद्धा मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. आपल्या मराठवाड्यातल्या सपाट, मोकळ्या रानात सायकलसाठी याहून जास्त काही लागत नाही. ‘ड्युअल बँड’, ‘मल्टी बँड’ अशा नावाखाली जास्त पैसे मागतात, त्याचा फायदा उंच इमारतींच्या शहरात किंवा खोल घाटात होतो. इकडे त्यासाठी खिसा हलका करायची गरज नाही.

खोक्यावर ‘नाविक’ लिहिलेलं असेल तर मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. ती आपल्या इस्रोची व्यवस्था. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, आणि तेव्हाच तिला हे नाव मिळालं. पुढे पहिल्या उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या नव्या पिढीच्या उपग्रहात मात्र देशात बनवलेलं अणुघड्याळ आहे, आणि छोट्या यंत्रांना सोयीची एल-वन ही लहरही त्यात आहे. अभिमान जरूर बाळगावा. पण नाविक आहे म्हणून दोन-चार हजार जास्त देऊ नयेत. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू यांपैकी एक-दोन बहुतेक यंत्रं धरतातच, तेवढं पुरतं.

मुलांच्या सायकलला लावावं का?

आता पालकांचा प्रश्न. मुलगी आठवी-नववीत गेली, मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली किंवा घरून घेऊन दिली, रस्त्यात ऊस आहे, संध्याकाळी अंधार लवकर पडतो. घरच्यांना काळजी वाटणं अगदी साहजिक आहे. पण म्हणून सायकल कॉम्प्युटर आणून हँडलला लावला तर तो काय करणार? किती किलोमीटर झाले, वेग किती होता, हे मुलीला दाखवणार. तुम्हाला घरी काहीही कळणार नाही.

जाहिरातीत ‘लाईव्ह ट्रॅकिंग’, ‘पडल्यास घरी संदेश’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण अर्धं असतं. अशा बहुतेक यंत्रांमध्ये तो संदेश यंत्र पाठवत नाही, सायकलवाल्याच्या खिशातला फोन पाठवतो. यंत्र ब्लूटूथने फोनला सांगतं, फोन इंटरनेटवरून घरी सांगतो. मुलीकडे फोनच नसेल तर ही सोय शून्य. आणि फोन असेल, तर मग त्या फोनवरूनच लोकेशन पाठवता येतं, यंत्र कशाला?

मोटारसायकलला लपवून बसवतात तसले सिमकार्डवाले ट्रॅकर हा दुसरा प्रकार. तिसरं काम खरोखर करतात ते हेच. पण सिमला डेटा हवा, वेळच्या वेळी रिचार्ज हवं, बॅटरी चार्ज करायला हवी, आणि रस्त्यात रेंज हवी. मोटारसायकलवर त्याला गाडीच्या बॅटरीचा आधार असतो, सायकलवर तसा काही नसतो. घेण्याआधी एक सोपी परीक्षा करा. ज्या कंपनीचं सिम टाकणार, त्या कंपनीचा फोन घेऊन मुलीच्या रस्त्याने सबंध एकदा जा, आणि रेंज कुठे जाते ते बघा. ज्या खोलगट भागात, नाल्याजवळ रेंज जाते तिथे ट्रॅकरही मुका होणार.

एअरटॅगसारखी बटणं तिसरा प्रकार. त्यात उपग्रहाचा संबंधच नाही. जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनवर ती अवलंबून असतात. पुण्या-मुंबईच्या गर्दीत उपयोगी, आपल्या शिवारातल्या मोकळ्या रस्त्यावर जवळून फोन जाणार कोणाचा?

माझं मत विचाराल तर सायकलच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेले पहिले हजार रुपये जीपीएसवर घालू नका. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या बाहेर ऊस आलेला असतो, मागचं दिसत नाही, आणि समोरच्याच्या दिव्याने सायकलवाल्याचे डोळे दिपतात. त्या वेळी मागचा लाल दिवा, मडगार्डवरचा रिफ्लेक्टर, दप्तराला चिकटवलेली चमकणारी पट्टी आणि नीट लागणारे ब्रेक, यांनी जे होतं ते कुठल्याही उपग्रहाने होत नाही. एका वस्तीवरच्या मुलींनी मिळून निघायचं, निघण्याची वेळ ठरलेली, आणि उशीर झाला तर कोणी कोणाला फोन करायचा हे आधी ठरलेलं, ही व्यवस्था बिनपैशाची आहे. अजून एक बारीक गोष्ट. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या सायकलला तिच्या नकळत ट्रॅकर लावू नये. लावायचाच असेल तर तिला सांगून, दाखवून लावावा. नाही तर कळेल त्या दिवशी ती चिडेल, आणि तुम्हाला काही सांगणंच बंद करेल.

वाट शोधायला आधी खिशातला फोन

आता दुसऱ्या कामाकडे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जांब समर्थला किंवा राजाटाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं असेल, तर त्यासाठी नवीन यंत्र घेऊ नका. हातातल्या फोनमध्ये सगळं आहे.

फक्त ॲप नीट निवडा. गुगल मॅपवर भाग आधी उतरवून ठेवता येतो, पण इंटरनेट नसताना तो फक्त गाडीची वाट दाखवतो. चालत जाण्याची किंवा सायकलची वाट ऑफलाइन मिळत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आलेला त्यातला दुचाकीचा पर्याय मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. त्यापेक्षा ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मॲण्ड ही ॲप बघा. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावर चालतात. नकाशा घरच्या वायफायवर एकदा उतरवून ठेवला की रस्त्यात इंटरनेट लागत नाही, आणि सायकलचा पर्याय निवडता येतो.

फोनच्या अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. हँडलला फोन लावून स्क्रीन सतत चालू ठेवली तर बॅटरी तीन-चार तासांत आवरते. एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापतो आणि स्वतःच स्क्रीन मंद करतो, किंवा बंद पडतो. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. खड्ड्यात सायकल आदळली की स्टँडमधून निसटतो तो वेगळाच. यावर साधा उपाय म्हणजे फोन खिशात किंवा पिशवीत ठेवायचा, ‘उजवीकडे वळा’ हा आवाज ऐकायचा आणि चौफुलीवर थांबून एकदा बघायचं. आवाज ऐकण्यासाठी दोन्ही कानांत बोंडं मात्र घालू नका, मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे.

याहून जुना उपाय कागदाची चिठ्ठी. ‘शाळा – ० किमी. फाटा – डावीकडे. पुलानंतर देवळापाशी उजवीकडे.’ हातावर बांधायची किंवा हँडलला चिकटवायची. मुलांकडूनच ही चिठ्ठी तयार करून घेतली तर भूगोलाचा एक छान तास होतो. नकाशा बघून चिठ्ठी लिहायची, मग प्रत्यक्ष जाऊन ती बरोबर होती का ते तपासायचं.

आणि नुसतं किती किलोमीटर झाले एवढंच हवं असेल, तर जीपीएसचीही गरज नाही. चाकाच्या तारेला चुंबक आणि फोर्कला सेन्सर लावायचा साधा मीटर मिळतो. चाक फिरलं की एक मोजायचं, चाकाच्या घेराने गुणायचं. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २०७ सेंटीमीटर भरतो. मुलांना पाय गुणिले व्यास करायला लावा, मग टायरवर खडूची खूण करून जमिनीवर मोजायला लावा. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत तेव्हा का जुळत नाहीत, यावर वर्गात मजेशीर चर्चा होते. हवा कमी असते, टायरची जाडी असते.

मग स्वतंत्र यंत्र कोणाला लागतं?

ज्याला पाच-सहा तासांपेक्षा जास्त वेळ, अनोळखी रस्त्याने, वारंवार सायकल चालवायची आहे त्याला. उदाहरण ब्रेव्हे नावाच्या सायकल फेऱ्यांचं. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतले क्लब त्या भरवतात. शर्यत नसते, पण ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात संपवायचं असतं. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. रस्ता आधी दिलेला असतो आणि त्याच रस्त्याने जावं लागतं. रात्री दोन वाजता अनोळखी गावाच्या चौकात वळण चुकलं तर दहा किलोमीटर पुढे गेल्यावर कळतं, आणि तेवढेच परत यावे लागतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किमी सायकल चालवून जगप्रदक्षिणा केली. एवढ्या लांबच्या प्रवासात रोजचा रस्ता आणि रोजची नोंद, दोन्ही चोख ठेवावी लागतात. अशा लोकांना हे यंत्र चैनीची वस्तू नाही.

तुम्ही त्या वाटेला लागला असाल, तर यंत्रांचे तीन वर्ग आहेत एवढं समजून घ्या. पहिल्या वर्गातली फक्त नोंद ठेवतात : अंतर, वेग, कुठून कुठे गेलात. एक्सॉसचं जी प्लस हे त्यातलं. नावात जीपीएस असलं तरी ते वाट दाखवत नाही, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. दुसऱ्या वर्गातली रेघ दाखवतात. तुम्ही घरी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर रस्ता आखायचा, त्याची जीपीएक्स नावाची फाईल यंत्रात टाकायची. मग रिकाम्या पडद्यावर ती रेघ आणि तुमचा बाण दिसतो. आजूबाजूला कोणतं गाव, कोणता फाटा, काही दिसत नाही. गार्मिनचं एज १३० प्लस, आयजीपीस्पोर्टचं बीएससी २०० ही या वर्गातली. तिसऱ्या वर्गात खरा नकाशा आतच असतो. गार्मिनचं एज एक्सप्लोर २ किंवा वाहूचं एलिमेंट बोल्ट ही त्यातली नावं.

पैशाचा विचार करता मला दुसरा वर्ग बऱ्याच जणांना पुरेल असं वाटतं. रेघेवर राहायचं, रेघ सुटली की थांबायचं आणि खिशातला फोन काढून बघायचं. नकाशावाल्या महाग यंत्राचा विचार करत असाल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : इंटरनेट नसताना आणि फोन जोडलेला नसताना मी वाट चुकलो, तर हे स्वतः नवी वाट काढतं का? काही यंत्रं काढतात, काही नुसताच नकाशा दाखवतात आणि नव्या वाटेसाठी फोनकडे बघतात. दोघांच्या किमतीत फरक असतो आणि तो याच गोष्टीचा असायला हवा. आपल्या जिल्ह्याचा नकाशा आत आधीपासून आहे की नंतर टाकावा लागतो, तो फुकट आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

बॅटरीचा आकडा नीट वाचा. १२ तास असा दावा असलेलं यंत्र २०० किमीच्या साडेतेरा तासांनाही पुरत नाही. शिवाय तो दावा कंपनीच्या सोयीच्या परिस्थितीतला असतो. वाट दाखवणं चालू, रात्री पडद्याचा दिवा चालू, सेन्सर जोडलेले, असं असलं की तास कमी होतात. चालू असताना पॉवर बँकेने चार्ज होतं का ते बघा. पडदा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नका, बाहेर उन्हात नेऊन बघा. या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचा पडदा सूर्याचा उजेड परतवून दिसतो, म्हणून दुकानात तो फिका वाटतो आणि उन्हात झकास. पाण्यासाठी आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असावं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची कसोटी. बटणं की टचस्क्रीन, असा पर्याय असेल तर बटणं. घामाने आणि पावसाने ओल्या झालेल्या बोटांना बटणंच बरी. हृदयाचे ठोके, पॅडलचा जोर वगैरे मोजणारे सेन्सर सुरुवातीला सोडून द्या.

परदेशात नातेवाईक असलेल्यांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. साधं सायकलचं जीपीएस कोणी तिकडून आणलं तर अडचण नाही. पण गार्मिनचं इनरीच नावाचं यंत्र उपग्रहामार्फत संदेश पाठवतंही, म्हणजे तिसरं काम मोबाईल टॉवरशिवाय करतं. ऐकायला फार छान वाटतं, पण आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला याच कारणावरून ताब्यात घेतलं होतं. तेव्हा भाच्याने प्रेमाने काही पाठवलं तर आधी खोक्यावरचं नाव वाचा.

नकाशाला न कळणाऱ्या गोष्टी

यंत्र कितीही भारी घेतलं तरी ते नकाशाएवढंच शहाणं. आणि आपल्या गावाचं नावच बघा ना! नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत, आपल्याच जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई, आणि राज्यात नुसती पिंपळगावं किती असतील! यंत्रात ‘पिंपळगाव’ टाकून पहिलं येईल त्यावर बोट ठेवलं तर संध्याकाळपर्यंत भलतीकडेच. म्हणून नाव न टाकता अक्षांश-रेखांश टाकायची सवय करा. आपल्याकडे पहिला आकडा १९ ने सुरू होतो आणि दुसरा ७६ च्या आसपास असतो. क्रम मात्र चुकवू नका. ७६ आधी आणि १९ नंतर लिहिलं तर यंत्र तुम्हाला नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाळ समुद्रात पोहोचवेल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, त्यामुळे दशांशचिन्हानंतर चार आकडे लिहिले की जागा ११ मीटरपर्यंत पक्की होते. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, असं विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर द्यायला बरं आहे.

दुसरी गोष्ट, वाहनाचा प्रकार. यंत्र किंवा ॲप ‘कार’वर राहिलं असेल तर जालन्याहून संभाजीनगरला जाताना ते तुम्हाला समृद्धी महामार्गाकडे वळवेल. तिथे सायकलला आणि दुचाकीलाही बंदी आहे. उलट सायकलचा पर्याय निवडला की कधी कधी ते पाणंद रस्त्याला लावतं. उन्हाळ्यात ती वाट चांगली असते, पण जुलैत आपल्या काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरायचं थांबतं, आणि सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. नकाशाला ऋतू कळत नाहीत.

आणि पाणी कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी नकाशावरच्या वाटेने निघालेली एक गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. पूल नकाशावर होता, जमिनीवरही होता, पण धरण भरल्यामुळे तो पाण्याखाली होता. गाडीतल्या चालकाचा जीव गेला. स्थानिक माणसांना तो पूल बंद असल्याचं माहीत होतं, यंत्राला नव्हतं. आपल्या तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते. जायकवाडीचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या रस्त्यांचं आणि कमी उंचीच्या पुलांचं काय होतं ते आपण पाहतो. म्हणून मुलांना घेऊन नदीच्या बाजूला जायचं असेल, तर यंत्राची वाट बघून झाल्यावर त्या गावातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा पोलीस पाटलांना एक फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा. पावसाळ्यात तर हे केल्याशिवाय निघूच नका.

ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या भागातल्या कितीतरी वस्त्या, तांडे, शेतरस्ते अजून नाहीत. पण तो नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. शाळेचं नाव, पाण्याची टाकी, बसथांबा, एवढं जरी वरच्या वर्गाच्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली भरलं, तरी पुढच्या सहलीला तेच कामाला येतं. फक्त कोणाचं घर, कोणाचं नाव त्यात घालायचं नाही, ही सूचना आधी द्या.

यंत्र घेतलंच, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत त्याची परीक्षा घ्या. पहिल्या दिवशी मोकळ्यावर दोन-तीन मिनिटं स्थिर उभे राहा, नवीन यंत्राला उपग्रह सापडायला तेवढा वेळ लागू शकतो. मग तुमच्या पायाखालच्या रस्त्याने, उदाहरणार्थ घनसावंगीपर्यंत, फोन घरी ठेवून जा. मध्ये मुद्दाम एक वळण चुकवा आणि यंत्र काही बोलतं का बघा. परत आल्यावर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी अंतर ताडून पाहा, आणि निघताना बॅटरी किती होती, आल्यावर किती उरली, ते वहीत लिहून ठेवा. त्या आकड्यावरून पूर्ण बॅटरी किती तास जाईल हे त्रैराशिकाने निघतं, ते खोक्यावरच्या आकड्याशेजारी लिहा. फारच कमी भरलं तर बिल आणि खोकं जपून ठेवलेलं असू द्या.